‘बिनिली’ला कर्मणी म्हणावे का?

विचारणा अशी : फिलिपिन्समधल्या तगालोग भाषेत विकत घेण्याच्या क्रियेची ‘बुमिली’ आणि ‘बिनिली’ अशी दोन रूपे भेटतात, दोन्हींचा अर्थ ‘घेतले’. मग पहिले कर्तरी आणि दुसरे कर्मणी समजावे का?

सुरुवातीला समजायला हरकत नाही. पण तिथेच थांबलो, तर फिलिपिन्समधल्या भाषांची खरी गंमत हातून निसटते.

धातू आहे ‘बिली’. क्रियापद सहसा वाक्याच्या आरंभी येते आणि आपल्या विभक्तिप्रत्ययांचे काम नामाआधीचे छोटे शब्द करतात : आंग, नांग, सा.

बुमिली आंग बाबाए नांग इस्दा : बाईने मासे घेतले.
बिनिली नांग बाबाए आंग इस्दा : बाईने तो मासा घेतला.

‘उम’ आणि ‘इन’ थेट धातूच्या पोटात, ‘ब’नंतर शिरले आहेत. आता ‘आंग’ कुठे आहे ते पाहा. ज्या नामाआधी तो येतो, त्याची क्रियेतली भूमिका क्रियापदाचे रूप सांगते. ‘बुमिली’ म्हणते, आंग असलेली व्यक्ती घेणारी. ‘बिनिली’ म्हणते, ती घेतलेली वस्तू. आणि भूमिका एवढ्या दोनच नाहीत. ‘बिनिल्हान नांग बाबाए नांग इस्दा आंग तिन्देरा’ म्हणजे बाईने त्या विक्रेतीकडून मासे घेतले. ‘इबिनिली नांग बाबाए नांग इस्दा आंग बाता’ म्हणजे त्या मुलासाठी घेतले. मराठी क्रियापद लिंगवचनाने कर्त्याशी किंवा कर्माशी जुळते, नाहीतर भावे प्रयोगात कुणाशीच नाही. जिच्याकडून घेतले किंवा ज्याच्यासाठी घेतले, त्यांच्यासाठी आपल्याकडे वेगळा प्रयोग नाही. तगालोग क्रियापदाला लिंगाशी देणेघेणेच नाही. नामाबद्दल ते फक्त भूमिका सांगते.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९१७ साली तगालोगचे वर्णन करताना एक कर्तरी आणि तीन कर्मणी मानले होते. पुढे अनेक अभ्यासकांना ‘कर्मणी’ हा शब्द खटकला, कारण ‘बिनिली’त कर्ता मागे ढकलला जात नाही. इथे मराठी माणसाची सोय आहे असे मला मनापासून वाटते. ‘बाईने मासा घेतला’ हे आपले अगदी रोजचे वाक्य, आणि ‘बिनिली’ही तिथे तितकेच रोजचे. त्याचे भाषांतर ‘बाईकडून मासा घेतला गेला’ असे कृपया करू नका.

मात्र मराठीत काळ बदलला की प्रयोग बदलतो : बाई मासा घेते, बाईने मासा घेतला. तगालोगमध्ये दोन्ही प्रकारची रूपे सगळीकडे चालतात. चालू क्रियेसाठी बुमिबिली आणि बिनिबिली, व्हायच्या क्रियेसाठी बिबिली आणि बिबिल्हिन. निवड काळावर नाही. वस्तू ठरावीक, ओळखीची असेल तर बहुधा कर्माचे रूप येते.

पण ही निवड प्रत्येक वेळी बोलणाऱ्याच्या हाती नसते. मराठीत ‘बाईने घेतलेला मासा’ आणि ‘मासा घेतलेली बाई’ दोन्हीकडे ‘घेतलेला’ हेच कृदंत लिंग बदलून भागते. तगालोगमध्ये मासा सांगायचा तर ‘इस्दांग बिनिली नांग बाबाए’, बाई सांगायची तर ‘बाबाएंग बुमिली नांग इस्दा’. रूपांची अदलाबदल केली की वाक्य मोडते. प्रश्नातही तेच : ‘सिनो आंग बुमिली?’ म्हणजे कोणी घेतले, ‘आनो आंग बिनिली?’ म्हणजे काय घेतले. म्हणून मी ‘बिनिली’ला कर्मणीऐवजी ‘कर्मलक्ष्यी रूप’ म्हणेन, आणि उरलेल्या तिघांना त्याच धर्तीवर कर्तृलक्ष्यी, स्थानलक्ष्यी, हितलक्ष्यी.