एक कागद नाही, पण वाट्या दोन

प्रश्न : ताई, माझं सासर दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरचं. आम्ही सोलमध्ये राहतो, पण दर हिवाळ्यात ‘जेसा’साठी, म्हणजे पितरांच्या जेवणासाठी, गावी जातो. इतर जेसांना ज्यांची तिथी असते त्यांचं नाव कागदावर लिहून मांडतात. या एका रात्री मात्र कागदच नसतो. भाताच्या दोन वाट्या, दोन्हींत उभे खोचलेले चमचे. कोणाच्या म्हणून विचारलं तर ‘घरातले जुने लोक’ एवढंच उत्तर मिळतं. गेल्या वर्षी लेकीला शाळेसाठी वंशवृक्ष काढायचा होता. तिनं आजोबांना त्यांच्या आईचं नाव विचारलं, तर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्याच रात्री भांडी घासताना आत्तेसासूबाई बोलून गेल्या, “तुझे सासरे दोन वर्षांचे असताना आमच्याकडे आले.” कागदोपत्री ही दोघं सख्खी भावंडं! नवरा म्हणतो, घराण्याच्या नावाचा प्रश्न आहे, नको उकरून काढूस. या घरानं असं केलंय तरी काय?

उत्तर : काही केलं असेल असं मला वाटत नाही. उलट या घरावर काहीतरी गुदरलं असावं.

सासऱ्यांचं जन्मवर्ष तुम्ही लिहिलेलं नाही, पण लेक शाळेत आहे म्हणता, तर ते 1947च्या आसपासचे असावेत असं धरते. 3 एप्रिल 1948ला जेजूत उठाव झाला आणि तो चिरडताना पुढच्या काही वर्षांत 25 ते 30 हजार माणसं मेली असा अंदाज आहे. म्हणजे बेटावरच्या दर दहा जणांमागे जवळपास एक. बरीचशी सरकारी फौजा-पोलिसांच्या हातून, आणि त्यांतली कित्येक कुठल्याच बाजूची नव्हती. मी जेजूत भाड्यानं राहत होते तेव्हा एका जानेवारीत, मध्यरात्री, आमच्या गल्लीतल्या घराघरांतून दिवे दिसले. मी घरमालकिणीला विचारलं, आज सण आहे का? त्या म्हणाल्या, “नाही, आज सगळ्यांची जेसा आहे.” संपूर्ण गावाची एकच तिथी! पुढे त्या बोलल्या नाहीत आणि मीही गप्प बसले.

अशा वेळी अनाथ झालेलं पोर काका किंवा आजोबा स्वतःचं मूल म्हणून नोंदवत. आईबापांच्या लग्नाचीच नोंद झालेली नसे, हे एक कारण. दुसरं कारण जास्त जहरी होतं. बापाच्या नावापुढे ‘पल्गेंगी’, म्हणजे लाल, कम्युनिस्ट, असा शिक्का बसला की तो मुलाच्या, नातवाच्या कपाळी चिकटे. सरकारी नोकरी नाही, लष्करी शाळा नाही, पासपोर्ट अडे. या नातेवाईक-दोषाला ‘योनजवाजे’ म्हणत. 1894मध्ये कायद्यानं रद्द झालेली ही प्रथा व्यवहारात टिकली आणि 1980च्या राज्यघटनेत तिच्याविरुद्ध स्पष्ट कलम घालावं लागलं. तुमच्या सासऱ्यांचं तरुणपण त्याच्या आधीच सरलं होतं, हे लक्षात घ्या. तुमच्या नवऱ्याला जी घराण्याची अब्रू वाटते, ती एके काळी या मुलाच्या डोक्यावरचं छप्पर होती.

अर्थात हा माझा तर्क आहे. कोरियात थोरल्या भावाला मुलगा नसला की पुतण्या दत्तक घ्यायची जुनी रीत आहे. पण तो राजरोस व्यवहार. जोक्बोत, म्हणजे वंशावळीत, तशी नोंद असते आणि त्यासाठी टीव्हीचा आवाज वाढवावा लागत नाही. नवऱ्यानं स्थानिक कार्यालयातून ‘जेजॉक’, म्हणजे जुनी बंद झालेली कुटुंबनोंद, काढून पाहावी. 2008मध्ये सगळं कुटुंब घरप्रमुखाच्या नावाखाली नोंदवायची ‘होजू’ पद्धत गेली, त्यामुळे आजच्या दाखल्यावर फार मागचं दिसत नाही.

आता, काढू द्या त्याला. तुम्ही नका काढू. सुनेनं आणलेला कागद आणि मुलानं आणलेला कागद यांत त्या घरात फरक पडेल, आवडो न आवडो.

जेजूच्या त्या घटनांविषयीच्या विशेष कायद्यात अलीकडे झालेल्या दुरुस्त्यांमुळे अशा नोंदी बदलून घेता येतात. घाई मात्र नको. सासरे उद्या कागदावर दुसऱ्या बापाचे झाले तर आत्तेसासूबाई एका क्षणात चुलत होतात, वंशावळीतली जागा हलते, वारसाहक्काची चर्चा निघते. ऐंशीच्या घरातल्या दोन माणसांना, ज्यांनी आयुष्यभर भाऊ-बहीण म्हणून काढलं, हे हवंय का ते त्यांनीच सांगावं. नको म्हणाले तर विषय तिथंच सोडा.

पण आत्तेसासूबाईंचं ते वाक्य चुकून निघालं असं मला वाटत नाही. इतकी वर्षं तोंड बंद ठेवणारी बाई भांडी घासताना उगाच घसरत नाही. 2003मध्ये राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यन यांनी सरकारतर्फे माफी मागितली, 2014पासून 3 एप्रिल राष्ट्रीय स्मृतिदिन आहे. तरी घरात पहिला शब्द काढायला कुणीतरी लागतं, आणि त्यांनी बाहेरून आलेली सून निवडली असावी.

लेकीच्या वंशवृक्षात तूर्त दोन चौकटी रिकाम्या राहू द्या. येत्या हिवाळ्यात पुन्हा त्यांच्या शेजारी भांडी घासायला बसा. उठाव, लाल, नोंद, यांतला एकही शब्द काढू नका. त्या दोन वाट्या हातात घ्या आणि यातली कुठली कोणाची, एवढंच विचारा.