जमिनीलगतची गाडी घरी उचलताना

प्रश्न : बीएमडब्ल्यू झेड-फोर (२००९ नंतरचं मॉडेल) आहे. साधा ट्रॉली जॅक पुढून आत जातच नाही, बंपरची खालची कड अडते. डिकीत कंपनीचा जॅकही नाही. ऑइल आणि ब्रेक पॅड घरी बदलायचे आहेत. काय करावं? – एक वाचक, धरमपेठ

या गाडीला रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर येतात, त्यामुळे स्टेपनी नाही आणि जॅकही नाही. बाजारातला साधा ट्रॉली जॅक पूर्ण खाली असतानाही १३०-१४० मि.मी. उंच असतो. तुम्हाला ७५ ते ९० मि.मी.चा, लांब चासीचा 'लो प्रोफाइल' जॅक हवा. क्षमता दोन टन पुरे, पण तीन टनी जॅक लांब असतो आणि गाडीच्या पुढच्या भागाखाली मधोमध असलेल्या, जॅक लावायच्या बिंदूपर्यंत पोचतो, म्हणून तोच घ्या.

तरीही दांडा बंपरला टेकतो, म्हणून आधी पुढची चाकं थोडी उंच करावी लागतात. तयार लोखंडी रॅम्प बरेच उंच असतात आणि चाक चढण्याआधीच बंपर त्यावर आदळतो. लाकडी रॅम्प स्वतः करा. त्याची उंची बंपरखालच्या मोकळ्या जागेपेक्षा कमी असली की काम झालं. बंपर रॅम्पवरून निघून जातो आणि मग चाक चढतं. आधी ती जागा मोजा. ११० मि.मी. असेल तर ७६ मि.मी.चा रॅम्प चालतो.

नागपूरच्या लकडगंजातून १९ मि.मी.चं, पाण्याला टिकणारं ८ बाय ४ फुटांचं एक प्लाय आणा आणि तिथेच ३०० मि.मी. रुंदीच्या चार पट्ट्या कापून घ्या. पहिल्या दोन पट्ट्यांतून प्रत्येकी ९००, ७५० आणि ६०० मि.मी.चे तुकडे, तिसरीतून ४५० चे दोन. हे मोठ्यावर लहान असे, मागची बाजू एका रेषेत ठेवून, फेविकॉल आणि स्क्रूने जोडा. चार थरांचे ७६ मि.मी. होतात आणि पुढे १५० मि.मी.च्या तीन पायऱ्या मिळतात. वरच्या टोकाला आडवा ठोकळा ठोका, म्हणजे चाक पलीकडे उतरणार नाही. खाली रबरी चटईचा तुकडा चिकटवा. गुळगुळीत टाइल्सवर कोरडं प्लाय चाकाच्या धक्क्याने पुढे सटकतं. एकसंध फळी नको. उन्हाळ्यात ती चिरते आणि चाकाच्या वजनाने चिरेवरच दुभंगते. चौथी पट्टी फेकू नका, तिचं काम पुढे आहे.

आता खरी मेख. जॅकचा हात सरळ वर जात नाही, कमानीसारखा फिरतो. वर जाताना त्याच्या टोकाची, गाडीला टेकणारी वाटी काही सेंटीमीटर मागे-पुढे सरकते. गाडी हलणार नसेल तर जॅकला स्वतःच्या चाकांवर सरकावं लागतं. फरशीच्या फटीत किंवा खड्ड्यात त्याचं चाक अडकलं की वाटी बिंदूवरून घसरते. बहुतेक गाड्या अशाच पडतात, जॅक कमजोर म्हणून नाही. म्हणून जॅकखालची जागा झाडून घ्या, आणि दर चार-पाच पंपांनी वाकून वाटी कुठे आहे ते बघा.

क्रम असा. गाडी सरळ, छत बंद, स्टिअरिंग सरळ. रॅम्पवर चढा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. चाकं रॅम्पवर टेकलेली असतानाच त्यांचे बोल्ट अर्धा फेरा सैल करा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या पुढच्या मधल्या बिंदूखालीच जॅक लावा. ऑइल संप (इंजिनच्या तळाची तेलाची टाकी), ॲल्युमिनियमची खालची ढाल, प्लास्टिकचं आवरण, यातलं काहीही वजन घेत नाही. उचलल्यावर दरवाजाखाली जे चौकोनी प्लास्टिकचे पॅड आहेत, त्यांच्या खाली दोन्ही बाजूंना जॅक स्टँड, म्हणजे गॅरेजवाल्यांची घोडी, लावा. घोडीच्या वाटीत रबराचा जाड तुकडा हवाच. जॅक हळू सोडून वजन घोड्यांवर द्या, मग गाडीला खांद्याने दोन-तीन धक्के द्या. कुरकुरली किंवा हलली तर परत उचला आणि घोड्या नीट लावा. काढलेलं चाक दरवाजाखाली आडवं सरकवून ठेवा.

मॅन्युअलमध्ये मधला बिंदू सापडला नाही तर हा उद्योग घरी करू नका, दोन खांबी लिफ्टवाल्याकडे न्या.

उतरवताना लोक एक गोष्ट विसरतात. गाडी खाली घेण्याआधी रॅम्प परत चाकांखाली सरकवा. नाहीतर चाकं जमिनीला टेकतात आणि जॅक बंपरखाली अडकून बसतो. चाकं रॅम्पवर टेकली की, गाडी हलवण्याआधीच, बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळा.

प्रश्न : मागची बाजू उचलताना ऑटोमॅटिक गिअर 'पी'मध्ये ठेवला तर ठोकळ्यांची गरज आहे का? – मानेवाड्याहून

आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत 'पी' फक्त मागची चाकं धरतं, हँडब्रेकही तिथेच लागतो. दोन्ही चाकं उचलली की गाडीला धरणारं काहीच उरत नाही. एकच चाक उचललं तरी डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची पेटी) हवेतलं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं सुलटं, म्हणजे नुसत्या 'पी'वर गाडी सरकते. पुढच्या चाकांना ठोकळे लावा.

प्रश्न : अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत आणि पाण्यासाठी उतार ठेवलाय. चालेल का? – मनीषनगर

पेव्हर ब्लॉकवर तसं नको. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे एखादा ब्लॉक वरून सपाट दिसला तरी खालून पोकळ असतो. घोडीच्या पायाची कड अरुंद असते. ती नेमकी फटीत रुतते आणि घोडी कलते. इथे ती उरलेली चौथी पट्टी वापरा. तिचे ३०० मि.मी.चे आठ चौकोन निघतात. दोन-दोन जोडले की ३८ मि.मी. जाडीच्या चार पाट्या झाल्या, प्रत्येक घोडीखाली एक. जॅकच्या चाकांखालीही प्लायची सलग पट्टी हवी, नाहीतर वर सांगितलेलं सरकणं होणार नाही.

उतारासाठी एक मीटरची सरळ पट्टी आणि पाणसळ (स्पिरिट लेव्हल) घ्या. मीटरला १० मि.मी.पेक्षा जास्त उतार निघाला तर जागा बदला. डांबरी रस्ता मे महिन्यात अजिबात नको. नागपूरच्या उन्हात डांबर मऊ होतं आणि घोडी एका बाजूने खाली जाते.

प्रश्न : घोड्यांऐवजी बांधकामाचे सिमेंट ब्लॉक किंवा विटा लावल्या तर? – एक वाचक, वाडी

नाही. भिंतीत वजन सगळीकडे सारखं पसरतं, इथे ते एका बोटाएवढ्या जागेवर येतं. ब्लॉक आधी वाकत नाही, कुरकुरत नाही, थेट फुटतो.

प्रश्न : जुना ट्रॉली जॅक उचलतो, पण तासाभरात थोडा खाली बसतो. तेल कमी आहे की सील गेलं? – सक्करदरा

आधी आतली हवा काढा. दांडा फिरवून व्हॉल्व्ह पूर्ण सैल करा, वजन नसताना दहा-पंधरा वेळा पंप मारा, व्हॉल्व्ह आवळा, तेल बघा. तरीही बसत असेल तर सील किंवा व्हॉल्व्हची गोळी गेली आहे. तेल हायड्रॉलिकचंच भरा. ब्रेक ऑइलने जॅकची रबरी सीलं फुगून निकामी होतात. आणि चांगला जॅक असला तरी त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही.