नोंदी आणि कामांच्या याद्या साध्या टेक्स्ट फायलींत ठेवायच्या आहेत. मित्र हसतात, 'कुठल्या जमान्यात आहेस' म्हणतात. फोल्डर कसे पाडावेत, आणि फोन-लॅपटॉप दोन्हीकडे कसं जमवावं?

फोल्डर पाडूच नका. पाडलेत की विम्याची नोंद 'घर'मध्ये टाकायची की 'पैसे'मध्ये, यातच संध्याकाळ जाते.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या दुसऱ्याच वाक्यामुळे. मित्र हसतात, 'कुठल्या जमान्यात आहेस' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. हे मी माझ्या मेहुण्याकडून कितीतरी वर्षं ऐकतोय.

आम्ही दोघांनी मिळून सासऱ्यांच्या जुन्या घराची दुरुस्ती काढली होती. मेहुण्याने सगळं एका ॲपात मांडलं. रंगीत पाट्या, कामाच्या पोटात उपकामं, प्रत्येकापुढे टिकमार्क. दिसायला देखणं होतं, नाकारत नाही. माझ्याकडे 'घर' नावाची एक टेक्स्ट फाइल, आणि तिच्यावरून रोज माझी खेचली जायची. काम अर्ध्यावर असताना त्या ॲपवाल्यांनी गाशा गुंडाळला. एक्सपोर्टची सोय दिली होती, अगदीच वाऱ्यावर सोडलं नाही. तीनशेच्या वर फायली हातात आल्या. नावं म्हणजे नुसते आकडे, आणि प्रत्येकीवर तारीख एक्सपोर्टच्या दिवसाची. मजकूर शाबूत, टिकमार्क गायब! काय काय करायचं होतं ते सगळं कळत होतं, त्यातलं झालं काय ते नाही.

आणि नेमका तेव्हाच प्लंबर म्हणाला, दुसरा हप्ता मिळालेला नाही. मेहुणा म्हणाला, दिलाय. आवाज चढले. मी फाइल उघडून 'हप्ता' शोधलं. ओळ होती: 'एक्स २०१८-११-०८ प्लंबर दुसरा हप्ता, रोख, त्याच्या भावाकडे'. भावाने घरी सांगितलंच नव्हतं. दोघेही खरं बोलत होते. मेहुणा एवढंच म्हणाला, "नशीब तुझं." नशीब कसलं? लिहून ठेवलं होतं!

ओळीच्या सुरुवातीचा तो एक्स म्हणजे काम झालं, पुढे झाल्याची तारीख. ही युक्ती माझी नाही. अमेरिकन प्रोग्रामर जीना ट्रपानी यांनी २००६ मध्ये 'टूडू डॉट टीएक्सटी' ही साध्या फायलीत कामं लिहायची पद्धत आणली, त्यातली आहे. एका ओळीत एक काम, प्रकल्पाला अधिकचं चिन्ह, ठिकाणाला ॲटचं. बस. मी त्यातलं अधिकचं चिन्हसुद्धा फारसं वापरत नाही.

माझ्याकडे एकच फोल्डर आहे. त्यात 'कामं', 'नोंदी' आणि अधूनमधून एखाद्या मोठ्या विषयाची वेगळी फाइल. 'नोंदी' वर्षाला एक, रोजची तारीख टाकून खाली खाली लिहीत जायचं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा, म्हणजे नावाने लावलं तरी क्रम बरोबर येतो. आकडे देवनागरी की इंग्रजी ते एकदाच ठरवा, मिसळलेत की क्रम बिघडतो. बाकी सगळं काम शोध करतो, ग्रेप (फायलींत शब्द शोधणारी कमांड) म्हणा किंवा एडिटरमधला. जागेची चिंता नको. यूटीएफ-८ मध्ये (फायलीत अक्षरं साठवायची आजची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, तरी माझ्या सगळ्या वर्षांच्या नोंदी मिळून फोनवरच्या एका फोटोएवढ्या होतात.

फोनसाठी सिंक्थिंग लावा, तो फोन-लॅपटॉपवरच्या फायली आपोआप सारख्या ठेवणारा प्रोग्राम आहे. दोन्हीकडे एकाच वेळी तीच फाइल बदललीत तर 'कॉन्फ्लिक्ट' नावाची जादा प्रत बनते, ती हाताने जुळवावी लागते. फोनवरचा एडिटर कुठला, यावर माझं काही मत नाही.

आता मेहुण्याची बाजूही सांगतो, नाहीतर तो वाचेल. टेक्स्ट फाइल गजर वाजवत नाही. ज्या कामाला ठरलेली वेळ आहे ते मी मुकाट्याने फोनच्या कॅलेंडरात टाकतो. फोटो फायलीत बसत नाही, फक्त त्याचं नाव लिहिता येतं. मराठीत शोधाची एक खोड आहे. 'दुसऱ्या'मधला र काही कीबोर्ड नुक्त्याच्या ऱ पासून बनवतात, काही साध्या र ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्याला एकच शब्द, शोधाला दोन. म्हणून मी 'दुस' एवढंच शोधतो.

आणि हो, २०१४ मध्ये माझी एक अख्खी मराठी फाइल प्रश्नचिन्हांनी भरून गेली होती. जुना एडिटर, एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) एएनएसआय, म्हणजे जुनं, त्यात मराठी बसतच नाही. सेव्ह करताना इशारा आला होता, मी न वाचता ओके दाबलं. विंडोजच्या नोटपॅडमध्ये २०१९ पासून यूटीएफ-८ आपोआप असतं, तरी तुमच्या एडिटरमध्ये एकदा बघून घ्या, आणि बॅकअप वेगळा ठेवा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, चूकसुद्धा इमानदारीने दोन्हीकडे पोचते.

त्या प्रश्नचिन्हांचा फोटो मेहुण्याने तेव्हाच काढून ठेवला होता. मागच्या महिन्यात सगळ्यांना दाखवायला म्हणून फोन काढला, आणि तीन ॲपं धुंडाळली. सापडला नाही.