वाचकांचे प्रश्न : एलईडीतून वीज मिळते का?

प्रश्न : खेळण्यातून निघालेला लाल एलईडी उन्हात धरून मल्टिमीटर लावला, तर दीड व्होल्टच्या आसपास आकडा आला. मीटर बिघडलाय का? नसेल, तर सोलर पॅनेलला वीज दिल्यावर तेही उजळेल का?

उत्तर : मीटर ठणठणीत आहे. एलईडी आणि सोलर सेल दोन्ही डायोडच, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग. वीज दिली की प्रकाश, प्रकाश पडला की वीज. मीही एकदा चार एलईडी जोडून छोटी मोटार फिरवायला बसलो होतो. व्होल्ट भरपूर, पण प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये. मोटार ढिम्म हलली नाही. एलईडीतल्या एवढ्याशा कणावर ऊन पडून पडून पडणार किती!

पॅनेलही उजळतं, पण सुमारे 1150 नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत, अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टर काढलेल्या कॅमेऱ्याने, शटर बराच वेळ उघडं ठेवून फोटो काढला तर दिसतं. माझ्या हातून चिमट्यातून निसटलेला एक सेल वरून धडधाकट वाटत होता. फोटोत मात्र एका कोपऱ्यापासून काळी रेघ गेलेली. चीर पडली होती.

नेहमीचं पॅनेल ज्याचं बनतं, तो सिलिकॉन प्रकाश देण्यात मुळातच कंजूस. त्यातल्या इलेक्ट्रॉनला प्रकाश सोडताना स्फटिकाच्या कंपनाचीही साथ लागते, आणि ती जुळेपर्यंत बहुतेकांची ऊर्जा उष्णतेत जाते. पेरोव्हस्काइट या सोलर सेलसाठीच्या नव्या स्फटिकी पदार्थाचं तसं नाही. अर्ध्या मायक्रोमीटरचा थर ऊन शोषायला पुरतो आणि तोच झकास चमकतो. 2009 साली जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने त्याचा सेल केला तेव्हा कार्यक्षमता 3.8 टक्के होती. आता प्रयोगशाळेत 25 टक्क्यांच्या वर आहे. ओल आणि उष्णता त्याला सोसत नाही, हे दुखणं मात्र अजून आहे.

आता थोडं उलटं वाटेल असं सांगतो : सेल जितका चांगला चमकतो, तितका तो वीज द्यायलाही चांगला. चमक दहापट घटली की सेलचा व्होल्टेज सुमारे 60 मिलिव्होल्टने उतरतो, कारण इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांच्या खड्ड्यांत वाया जात असतात. म्हणून नवा थर बनला की तारा जोडण्याआधी मी त्यावर हिरवा लेसर टाकून लालसर चमक बघतो. मंद असेल तर पुढची मेहनत वाचते.

तुमचा प्रयोग पुढे न्या. लाल एलईडीवर निळ्या एलईडीचा उजेड टाका, मीटर हलेल. मग निळ्यावर लाल उजेड टाका. जवळपास शून्य येईल : लाल फोटॉनची (प्रकाशकणाची) ऊर्जा तिथे पुरत नाही.