वहिनींच्या बाथरूमसाठी आईने मशीन घ्यावं का?

प्रभादेवीच्या चाळीत राहणाऱ्या एका मुलीने लिहिलं आहे. वय २४, लोअर परळच्या एका ऑफिसात नोकरी, हातात २१,००० रुपये येतात. आई ४९ वर्षांची. दादरला चार घरी लादी, भांडी आणि संडास-बाथरूम असं काम करते, चारही घरांचे मिळून महिन्याला ११,५०० मिळतात. भाऊ बारावीत आहे. घरखर्च २४,०००च्या आसपास, बँकेत शिल्लक ३४,०००. गेले सहा महिने आईचं उजवं मनगट दुखतंय, सकाळी उठल्यावर बोटं बधिर असतात. हिंदू कॉलनीतल्या ज्या घरी तीन बाथरूम आहेत, तिथल्या वहिनींनी आईला मोबाइलवर बॅटरीवर फिरणाऱ्या ब्रशची, म्हणजे कॉर्डलेस स्क्रबरची जाहिरात दाखवली. किंमत ६,९९९, सहा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय. "मावशी, हे घ्या, तुमचाच त्रास वाचेल. मी माझ्या कार्डावर घेते, तुमच्या पगारातून कापून घेईन." आई तयार आहे. मुलगी विचारते, घ्यावं का? आणि घ्यायचंच तर वहिनींच्या कार्डावर घ्यावं की शिलकीतून?

आत्ता घेऊ नका. कार्डावर नको आणि शिलकीतूनही नको. मशीन वाईट आहे म्हणून मी हे म्हणत नाही. ते आईच्या हातात यावं असंच मला वाटतं, फक्त त्याचे पैसे आईने भरू नयेत.

वहिनींच्या मनात काही वाकडं असेल असं मी धरत नाही. आईचं दुखणं त्यांना दिसलं, त्यावर उपाय सुचला, म्हणून त्या बोलल्या. पण व्यवहार काय होतोय तो बघा. बाथरूम वहिनींचं, ते लखलखीत झालं तर समाधान वहिनींचं, आणि ते घासायचं अवजार आईच्या पगारातून. ऑफिसच्या शिपायाला कोणी स्वतःच्या पैशाने झेरॉक्स मशीन आणायला सांगत नाही. फिनेल, झाडू, घासणी आजवर त्या घरानेच आणली असणार. स्क्रबर ही महाग घासणीच आहे. ती बॅटरीवर चालते म्हणून नियम का बदलावा?

तुम्ही पत्रात लिहिलंय की वेळ वाचला तर आई पाचवं घर धरू शकेल. हा हिशोब मी करून पाहिला. तुमच्या आकड्यांप्रमाणे चार घरांची मिळून सहा बाथरूम, प्रत्येक आठवड्यातून दोनदा, म्हणजे आठवड्याला बारा धुण्या. मशीनने प्रत्येक वेळी दहा मिनिटं वाचली असं धरलं तर आठवड्याला दोन तास, महिन्याला आठेक तास वाचतात. कागदावर हे एक नवं घर आहे. प्रत्यक्षात ही दहा-दहा मिनिटं चार घरांत आणि आठवडाभर विखुरलेली आहेत. त्यातून पाचवं घर उभं राहत नाही. आई वीस मिनिटं लवकर घरी येतील, चहा घेऊन जरा पाठ टेकतील. त्या विश्रांतीची मला मोठी किंमत वाटते, पण तिच्यातून हप्ता जात नाही. पगार महिन्याचा ठरलेला असला की अवजाराने वाचलेला वेळ कामगाराच्या खिशात आपोआप पडत नाही, तो मागून घ्यावा लागतो.

आता मशीन आईने स्वतःच घेतलं तर ते महिन्याला कितीला पडेल ते पाहू. आठवड्याला बारा बाथरूम आणि मध्येच एखादा ओटा धरला तर आठवड्यातून तीनदा तरी चार्जिंग लागेल, वर्षाला दीडशे वेळा. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद उतरू लागते. म्हणजे कागदावर दोन वर्षं. मी मात्र दीडच धरेन, कारण हे मशीन पिशवीतून दादरभर फिरणार, कधी हातातून पडणार, रोज ओलं होणार. घरातल्या कपाटात ठेवून पंधरा दिवसांतून एकदा काढलेल्या मशीनची आणि याची तुलना होत नाही. ६,९९९ला १८ महिन्यांनी भागलं की ३८९ रुपये होतात. ब्रश झिजतात. त्यांचा संच ४५० रुपयांचा आणि तीन महिने पुरणारा धरला तर महिन्याला आणखी १५०. एकूण ५३९. तीन-सव्वातीन हजारांचं साधं मशीन घेतलं तरी ३३०च्या आसपास पडतं. विजेची काळजी नको, अशा छोट्या बॅटरीला महिन्याला अर्धं युनिटही लागत नाही.

म्हणजे स्वस्तातल्या मशीनसाठीसुद्धा चारही घरांनी दरमहा घरटी ऐंशी-पंच्याऐंशी रुपये वाढवून दिले, तर आईचा हिशोब कुठे बरोबरीत येतो. एकाही घराने वाढ देऊ केल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही.

शिवाय अनेक कंपन्यांच्या वॉरंटीत 'फक्त घरगुती वापरासाठी' अशी अट असते. चार घरी पगारावर काम करणाऱ्या बाईंचा वापर त्यात बसतो का, यावर दुकानदार आणि सर्व्हिस सेंटर यांच्यामध्ये आईच फिरत राहतील. वहिनींच्या घरी वहिनींच्या नावाच्या बिलावर घेतलेल्या मशीनला हा प्रश्नच येत नाही.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल थोडक्यात सांगते. व्याज शून्य असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याजाची रक्कम सवलत म्हणून किमतीतून वजा दाखवतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकाकडून घेतात. प्रोसेसिंग फी असते, तिच्यावरही जीएसटी. समजा फी १९९ असेल तर तिथेच २३५ गेले. सगळं मिळून तीनशेच्या घरात रक्कम वर जाते. ती वहिनी भरणार की तीही पगारातून कापणार? आणि महिन्याला साधारण बाराशे कापले जात असताना आईला ते काम सोडावंसं वाटलं, किंवा त्या घराने नको म्हटलं, तर उरलेल्या हप्त्यांचं काय? ज्या घरी राबायचं त्याच घरचं कर्ज डोक्यावर घेऊ नये, असं मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते. पगारवाढ मागायला मग तोंड उघडत नाही.

शिलकीतून का नको, तेही सांगते. ३४,००० म्हणजे तुमच्या घराचा दीड महिनाही नाही. ६,९९९ हा त्याचा पाचवा हिस्सा. उद्या मनगटामुळे आईला दोन महिने घरी बसावं लागलं तर २३,००० येणार नाहीत, आणि ती वेळ याच शिलकीवर निभावायची आहे.

मशीनकडून काय होतं आणि काय होत नाही, हेही आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पदरी निराशा येईल. जिथे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं, तिथे नळांवर आणि टाइल्सवर जो पांढरा थर बसतो तो क्षारांचा असतो. तो नुसत्या ब्रशने निघत नाही. आधी लिक्विड लावून दहा मिनिटं मुरू द्यायचं, त्याने थर सैल होतो, मग ब्रश फिरवायचा. टाइल्सच्या सांध्यांतला काळेपणा, मोरीचे कोपरे, ओट्यामागचा तेलकट चिकटा, एक्झॉस्ट फॅनची पाती, इथे मशीन खरोखर कामाचं. हात आपोआप जोर लावतो, पण तसा दाबू नये. दाबला की मोटर अडखळते आणि बॅटरी लवकर उतरते. वजन ब्रशवर हलकेच सोडायचं.

एक धोका जाहिरातीत दिसत नाही. फिरणारा ब्रश थेंब उडवतो. संडासाचं ॲसिड लावून बंद बाथरूममध्ये मशीन फिरवलं तर ते थेंब डोळ्यांत जाऊ शकतात. चष्मा आणि हातमोजे घरमालकांनीच आणून द्यायला हवेत. ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीच होऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. दादरच्या जुन्या घरांत मोझॅकची लादी, कुठे संगमरवर असतो. त्यावर ॲसिड चालत नाही आणि कडक ब्रशाने चरे पडतात. मशीन आईचं असेल आणि चरा पडला, तर बोट कोणाकडे दाखवलं जाईल?

सगळ्यात जपून बोलायचं ते मनगटाबद्दल. मशीनमुळे घासण्याची हालचाल वाचते, पण अर्धा ते दीड किलोची वस्तू मुठीत घट्ट धरून ठेवणं उरतं, आणि वर थरथर येते. ज्या हाताची बोटं सकाळी बधिर असतात त्या हाताला ही थरथर सोसेल की नाही, हे जाहिरात सांगू शकत नाही, मीही नाही. ते डॉक्टर सांगतील. केईएम तुम्हाला जवळ आहे, एक दिवस सुट्टी टाकून आईला हाडांच्या ओपीडीत न्या. मशीनच्या निर्णयाआधी हे व्हायला हवं, कारण नस दबली असेल तर लवकर लक्षात आलेलं बरं. तुमच्या घराचा एक तृतीयांशाहून जास्त पैसा त्या मनगटातून येतो.

माझी आई ८२च्या संपाआधी लालबागला गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. दोन वेळची कणीक तिंबून तिची मनगटं सुजलेली असत. तिच्या हिशोबाच्या वहीत गहू, डाळ, रॉकेल सगळं पैशापैशाने मांडलेलं होतं, हातांचा खर्च मात्र कुठेच लिहिलेला नव्हता. पुढे ते हात तांब्या उचलेनात, तेव्हा तो खर्च आम्ही भरला. म्हणून तुमचं पत्र मला बाजूला ठेवता आलं नाही.

तर करायचं असं. येत्या रविवारी आईबरोबर तुम्ही स्वतः वहिनींकडे जा. भांडायला नाही, समजावून सांगायला. म्हणा, "वहिनी, मशीनची कल्पना चांगली आहे. तुमच्याकडे तीन बाथरूम आहेत, तर ते तुम्ही घ्या आणि इथेच ठेवा. आई तेच वापरेल." सात हजारांचं घ्यायलाच हवं असं नाही, हेही सांगा. तीन-साडेतीन हजारांतलं चालेल, फक्त त्यावर आयपीएक्स७ लिहिलेलं असावं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी जाऊ नये, आणि ब्रश सुटे मिळत असावेत. तीन बाथरूमच्या घराला हा खर्च जड नाही, आणि जी बाई टिकून राहावी असं वाटतं तिच्यासाठी तो करायला बहुतेक घरं तयार होतात. नाही म्हणाल्या तर आई आज करतात तसंच काम करत राहतील, आणि बाथरूमच्या कामाचे पैसे वाढवून मागायला तुमच्याकडे कारण असेल.

त्या हो म्हणाल्या तर दोन-तीन महिने आईला फुकटात अनुभव मिळेल. मनगट बरं राहतं की जास्त दुखतं, बॅटरी खरंच किती वेळ चालते, कोणता ब्रश कुठे लागतो, सगळं कळेल. मग दिवाळीच्या दीड महिना आधी पुन्हा हिशोबाला बसा. तेव्हा आई म्हणाल्या की नेहमीच्या चार घरांबाहेर दिवाळीची सफाई स्वतंत्रपणे घ्यायची आहे, तर माझं उत्तर बदलेल. समजा एका घराचं स्वयंपाकघर आणि बाथरूम मिळून १,२०० ठरले आणि तशी पाच घरं मिळाली, तर ६,००० येतात. त्यातून साधं मशीन वसूल होऊन वर मजुरी उरते. तेव्हा ते आईचं स्वतःचं अवजार असेल, दर त्या ठरवतील, आणि ते रोखीने घ्यायचं. त्यासाठी आत्तापासून महिन्याला पाचशे बाजूला टाका. तीन घरं तोंडी का होईना पक्की झाल्याशिवाय मात्र दुकानात जाऊ नका. घरी आणलंत तर चार्जिंग जागेपणी करा, रात्रभर गादीजवळ लावून ठेवू नका.

शेवटचं एक काम, ज्याला मुदत आहे. आईच्या बँक खात्यावर प्रधानमंत्री जीवनज्योती विमा घ्या. वर्षाला ४३६ रुपये, दोन लाखांचं संरक्षण, पण प्रवेश पन्नाशीपर्यंतच मिळतो आणि आई ४९च्या आहेत. त्याच फॉर्मबरोबर वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमाही भरा. तो अपघातासाठी आहे, झिजलेल्या मनगटासाठी त्यातून काही मिळणार नाही, पण ओल्या लादीवर रोज उभं राहणाऱ्या बाईकडे तो असायलाच हवा. दोन्ही मिळून महिन्याला ३८ रुपये पडतात. घरेलू कामगार कल्याण मंडळात आईची नोंदणी झालेली नसेल तर कामगार खात्याच्या कार्यालयात तीही करून घ्या, २००८च्या कायद्याने ते मंडळ त्यांच्यासारख्यांसाठीच आहे. केईएमला जाल त्याच दिवशी पासबुक आणि आधार बरोबर ठेवा, येताना बँकेचं काम उरकता येईल.