परसातली खोली आणि सगळ्यांची ये-जा

प्रश्न : ताई, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. पुढच्या घरात सासू-सासरे आणि धाकटे दीर, अन् मागं परसात दहा बाय बाराची पत्र्याची खोली आहे ती लग्नानंतर आम्हा दोघांना दिली. खोली चांगलीय, तक्रार नाही, पण दार उघडलं की समोर थेट सासूबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी, शेजारच्यांच्या दुमजली घराच्या गच्चीवरून तर आमच्या कॉटपर्यंत दिसतं आणि पाण्याचा हौद नेमका आमच्या दाराशेजारी, मोटरचं बटणही आमच्याच भिंतीवर. त्यामुळं नळाला पाणी सुटलं की पहाटे असो नाहीतर रात्री, सगळं घर आमच्या दारात. गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे आले की मग विचारूच नका. आमचे हे म्हणतात चारी बाजूंनी आठ फुटी पत्रे मारून टाकू. मला वाटतं सासूबाईंना वाईट वाटेल, आणि उन्हाळ्यात आम्ही आत भाजून निघू ते वेगळंच. काय करावं?

उत्तर : पत्रे मारू नका, एवढं आधी सांगते मग बाकीचं. सोलापूरचा मे महिना तुम्हाला मी काय सांगायचा, पारा चाळिशीच्या पुढे असतो, आणि खोली आधीच पत्र्याची, तिच्याभोवती अजून पत्रे उभे केले की येतो तो वाराही बंद आणि तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत झळा मारत बसणार. बरं एवढं करून गच्चीवरून दिसायचं ते दिसणारच. उंचावर उभं राहिलेल्या माणसाला कुंपणाला लागून आतले दोन-तीन फूट काय ते दिसत नाहीत, त्याच्या पुढचं सगळं दिसतं, दार तर दिसतंच. कंपाउंड वॉलच उंच करू म्हणाल तर त्यालाही नियम आहे, राज्याच्या बांधकाम नियमावलीत साधारण १.५ मीटरपर्यंतच भरीव भिंत चालते, २.४ मीटरपर्यंत न्यायची तर वरचे ०.९ मीटर जाळीचे म्हणजे उघडे ठेवावे लागतात. शिवाय आपल्याकडची काळी माती पावसात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, मुरूम लागेपर्यंत पाया न खणता उंच भिंत उभी केली की दोन पावसाळ्यांत तडा ठरलेला.

वरून येणारी नजर वरच अडवायची असते. दारासमोर पाच-सहा फूट खोल मांडव घाला, लोखंडी पाइपचा किंवा बांबूचा कसाही, त्याच्यावर ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट. हिरवी घेतली तर खाली सगळ्यांची तोंडं हिरवी दिसतात म्हणून मी पांढरी किंवा मातकट रंगाची घ्या म्हणते. नेट नुसती सुतळीनं बांधू नका, वळवाचं वादळ आलं की ती थेट शेजारच्यांच्या गच्चीवर जाऊन पडेल आणि त्यांना खाली बघायला अजून एक कारण मिळेल. जीआय तार (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) ओढून तिच्यावर शिवून घ्या. नेटच्या जोडीला वेल सोडायचा तर पाणी किती दिवसांआड येतं ते डोक्यात ठेवून सोडा. बोगनवेल एकदा धरली की कमी पाण्यावर उलट जास्त फुलते, पण काटे असतात म्हणून जायच्या वाटेवर नको, मांडवाच्या लांबच्या खांबाला लावा. मधुमालती भराभर वाढते, वासही छान, मात्र पसारा फार करते, छाटत राहावं लागतं. या पावसाळ्यापुरतं झटपट काही पाहिजे असेल तर दोडका किंवा घेवडा चढवा, आडोसा होईल आणि भाजीही, शिवाय सासूबाई स्वतः येऊन पाणी घालतील (हे चांगलं की वाईट ते तुमचं तुम्ही ठरवा). जमिनीलगतची एक-दोन फूट जागा मात्र मोकळी झाडलेली ठेवायची, दाट झुडपात विंचू-साप बसतात.

आता स्वयंपाकघराची खिडकी. इथं लोक काय करतात की परसाच्या मधोमध ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत काहीतरी आडवं लावतात, मग ते दिसायला दोन वाटण्या झाल्यासारखं दिसतं आणि घरात बोलणी सुरू होतात. गरज नाही त्याची. आडोसा दाराच्या जवळ असला की छोटा पुरतो. दारापासून तीन फुटांवर, दारापेक्षा थोडी जास्त रुंद अशी एक चौकट उभी करा, बांबूची चटई लावलेली किंवा सिमेंटच्या जाळीची. माझं मत जाळीला, वारा येतो आणि दहा वर्षं बघावं लागत नाही. चटई दोन उन्हाळ्यांत कुरकुरीत होते. चौकटीच्या बाजूनं वळून आत जायचं, म्हणजे दार दिवसभर उघडं ठेवता येतं, आणि उन्हाळ्यात दार उघडं ठेवता येणं हीच खरी चैन आहे.

चौकट कुठं उभी करायची हे विकत घ्यायच्या आधी बघून घ्या आणि एकट्यानं बघू नका. रात्री खोलीत दिवा लावून ठेवा, सासूबाईंसोबत ओट्यापाशी जाऊन उभ्या राहा आणि विचारा, आई, इथून काय काय दिसतं हो? खूपदा असं निघतं की त्या बिचाऱ्याही कानकोंड्या होऊन खाली मान घालून भाकऱ्या थापत असतात. त्यांनीच "इथं काहीतरी लावा गं" म्हटलं तर मग वाईट वाटायचा प्रश्नच मिटला. तुमच्या खोलीच्या खिडकीच्या काचेला चकाकणारी फिल्म लावायचा सल्ला दुकानदार हमखास देईल, ती दिवसाच चालते, रात्री आत दिवा लागला की बाहेरच्याला सगळं स्वच्छ दिसतं आणि आतल्याला बाहेरचं काही नाही. खालच्या अर्ध्या काचेला दुधी फिल्म लावा, वरचा भाग मोकळा, संध्याकाळी पडदा.

पण खरं सांगू का, तुमचं निम्मं दुखणं नजरेचं नाहीच, हौदाचं आहे. पाणी सुटलं की माणसं येणारच, त्यांना कसं अडवणार आणि का अडवायचं, पाणी सगळ्यांचंच आहे. तेव्हा माणसं अडवू नका, काम हलवा. मोटरचं बटण तुमच्या भिंतीवरून काढून पुढच्या घराच्या मागच्या दाराशी न्या, इलेक्ट्रिशियनचं फार मोठं काम नाही, वायर पाइपमधून घ्यायला सांगा. नळाचं पाणी हौदात पडतं तिथं बॉलकॉक बसवा, म्हणजे पाणी वर आलं की आपोआप बंद होणारा तरंगत्या गोळ्याचा नळ, मग हौद भरला का बघायला कुणी टॉर्च घेऊन यायला नको. वरच्या टाकीला लेव्हल कंट्रोलर बसवला तर मोटर आपली आपण बंद होते, सासऱ्यांची पहाटेची एक फेरी तिथंच कमी. हौद काही हलत नाही पण त्याच्याकडं जायची वाट हलते. सध्या सगळे तुमच्या दारावरून जातात कारण तिथंच फरशी आहे, बाकी चिखल. पलीकडच्या कडेनं शहाबादी फरशीचे तुकडे टाका, पाय आपोआप तिकडं वळतात, कुणाला काही बोलावं लागत नाही. कपडे वाळत घालायची दोरी तुमच्या दारासमोर असेल तर तीही त्याच बाजूला.

आवाजाचं तुम्ही विचारलं नाही, पण संकोच असतो म्हणून मीच सांगते. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये जी फट असते तिच्यातून सगळं बाहेर जातं. पूर्ण बुजवली तर कोंडतं म्हणून पुढच्या घराकडची बाजू तेवढी बुजवा, मागची उघडी ठेवून तिला जाळी मारा. दाराच्या खाली रबराची पट्टी, आणि दारावर पडदा म्हणून आपली जाड सोलापुरी चादर दुहेरी करून टांगा, बाहेरच्या पातळ पडद्यापेक्षा ती कितीतरी चांगली. भिंत थोडीच होणार आहे तिची, पण फरक पडतो.

आणि पाहुण्यांसाठी दाराला कडी आतून, बेल बाहेरून. बिनवायरची बेल येते ती घ्या, एक बटण पुढच्या घरातही ठेवा. हाक मारत मारत आत यायची सवय बेलनं हळूहळू जाते, सांगून जात नाही.

प्रश्न : विद्यापीठात शिकणाऱ्या दोन मुलींना मागची खोली भाड्यानं दिलीय. त्यांची खिडकी आमच्या अंगणात उघडते, त्यांना अवघडल्यासारखं होतं असं त्या म्हणाल्या. खिडकी बुजवून टाकावी का? आणि सुरक्षेसाठी कॅमेरा लावू का?

उत्तर : बुजवू नका हो, एकच खिडकी असेल तर उन्हाळ्यात त्या महिन्याभरात खोली सोडतील. दुधी फिल्मचं वर लिहिलंय तेच करा, शिवाय खिडकीबाहेर लुव्हरसारख्या तिरक्या पट्ट्या बसवून घेतल्या तर वारा येतो आणि अंगणात बसलेल्याला आतलं दिसत नाही. बाथरूमची खिडकी डोक्याच्या वर आहे ना ते बघा. जमलं तर बाजूच्या बोळातून वेगळं गेट द्या, भाडंही थोडं जास्त मागता येईल. कॅमेरा लावायचाच असेल तर गेटकडं तोंड करून, त्यांच्या दाराकडं किंवा खिडकीकडं अजिबात नाही, आणि लावायच्या आधी मुलींना मोबाईलवर दाखवा की त्यात नेमकं काय दिसतं. खोलीची दुसरी किल्ली तुमच्याकडं असेल तर ती कधी वापरणार हेही तेव्हाच ठरवून घ्या.