दोन माणसं आणायची म्हणजे कुणाला आणायचं?

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. रिटर्न भरायचे दिवस आहेत, म्हणून मी जागीच होते. ‘ताई, 14,999चा डिजिटल मार्केटिंगचा प्रोग्राम आहे, उद्या रात्री बारापर्यंतच ऑफर आहे, भरू का?’ फोनवर एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण नुसतं ‘नको’ म्हटलं तर तू माझ्यापुरतं ऐकशील आणि महिन्याभराने दुसऱ्याच कुठल्या तरी वेबिनारला बसशील. म्हणून सविस्तर लिहिते आहे. भरू नकोस. ऑफर संपली तर संपू दे.

तू पाठवलेला स्क्रीनशॉट मी मोठा करून बघितला. ‘आजची कमाई’ म्हणून तीन नोंदी आहेत आणि तिन्ही अगदी सारख्या, 10,499 रुपये 30 पैसे. असे स्क्रीनशॉट बनवायला पाच मिनिटंही लागत नाहीत, पण आपण तो खरा धरून चालू. तुला त्यात आधी हा प्रोग्राम घेतलेल्या एका मुलाची कमाई दिसली. माझी नजर त्या तीस पैशांवर अडकली, कारण गेली पंचवीस वर्षं मी लोकांच्या वह्या तपासते आहे. कॅल्क्युलेटर घे आणि 14,999चे सत्तर टक्के काढ. बरोबर 10,499.30 येतात. म्हणजे त्या मुलाने ना कुणाची वेबसाइट बनवली, ना कुणाचा माल विकला. तुझ्यासारख्याच तिघांनी त्या दिवशी फी भरली आणि तिचा सत्तर टक्के हिस्सा त्याच्या खात्यात आला. तू उद्या पैसे भरलेस तर चौथी नोंद तुझी असेल.

पैसे कुणाच्या खिशातून येतात, हे कुठल्याही प्रोग्रामबद्दल आधी विचारायचं. शनिपारजवळचा एखादा दुकानदार त्याच्या जाहिराती सांभाळायला तुला पैसे देत असेल, तर ती कमाई. त्याला तुझ्या कामाची गरज आहे. पण तुझ्यानंतर फी भरणारा हाच जर तुझा एकमेव गिऱ्हाईक असेल, तर तुला शिकवतात ते एकच, पुढचा माणूस कसा आणायचा. त्यातले ‘डिजिटल मार्केटिंगचे व्हिडिओ’ म्हणजे वरचं वेष्टन.

तू लिहिलंस, ‘दोनच माणसं आणली की पैसे वसूल.’ जीएसटी धरून तुझे 17,699 जाणार, तेव्हा हिशोब खरा आहे. पण तो पुढे नेऊन बघ. तू दोघांना आणलंस, त्या दोघांनी प्रत्येकी दोन, त्या चौघांनी प्रत्येकी दोन. आठवड्याला एक पायरी धर. बाविसाव्या आठवड्यात एकट्या त्या पायरीलाच जवळपास 42 लाख माणसं लागतात आणि सगळ्या पायऱ्या मिळून 83 लाखांच्या वर. 2011च्या जनगणनेत पुणे महापालिकेत 31 लाख आणि पिंपरी-चिंचवडमध्ये 17 लाख माणसं मोजली होती. म्हणजे पाच महिन्यांत दोन्ही शहरांतली तान्ही बाळंसुद्धा कमी पडतील. आणि ही साखळी कुठेही तुटली, तरी शेवटच्या पायरीवरची माणसं एकूण माणसांच्या निम्म्याहून जास्तच भरतात. त्यांचे पैसे गेलेलेच असतात.

आता एक गोष्ट सांगते, जी मी ऑफिसात कधी काढली नाही. मी तेवीस वर्षांची असताना अशाच एका साखळीत शिरले होते. तेव्हा मोबाइल नव्हता. टिळक रोडवरच्या एका हॉलमध्ये मीटिंग व्हायची, टाय लावलेली मुलं स्टेजवर येऊन चेक दाखवायची. मी साडेतीन हजार भरले आणि दोन माणसं आणली. एक माझी रूममेट, दुसरी सासवडची आत्या. आत्याने भिशीचे पैसे रुमालात बांधून आणले होते. शंभराच्या नोटा, काही पन्नासाच्या, घड्या पडून मऊ झालेल्या. तिने योजना काय आहे हे विचारलंसुद्धा नाही. ‘तू म्हणतेस ना, मग झालं,’ एवढंच म्हणाली. पाच महिन्यांत तो हॉल बंद झाला. आत्याचे पैसे मी पगारातून अकरा महिन्यांत फेडले. रूममेटचेही दिले, पण तिने नंतर माझ्याशी बोलणं सोडलं ते कायमचंच. आत्या बोलत राहिली, मला मात्र तिच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता.

म्हणून तू ‘दोन माणसं’ म्हणतोस तेव्हा मी चेहरे शोधते. अनोळखी माणूस तुझ्या एका मेसेजवर सतरा हजार देणार नाही. देईल तो तुझ्या अभ्यासिकेतला शेजारी, नाही तर गावाकडचा चुलतभाऊ. ते लोक कोर्सला भुलत नाहीत, तुझ्या शब्दावर पैसे काढतात.

कायदाही तुला माहीत असू दे. माणसं जोडून पैसे फिरवण्याच्या योजनांवर आपल्याकडे 1978 पासून बंदी आहे आणि त्या कायद्यात नुसतं सभासद होणंही निषिद्ध आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. डिसेंबर 2021 मध्ये थेट विक्रीचे नियम आले, त्यातही विक्रेत्याकडून प्रवेश फी घ्यायला मनाई आहे. म्हणूनच हल्ली ‘फी’ न म्हणता ‘कोर्स’ म्हणतात. नाव बदललं म्हणून पैशाची वाट बदलत नाही.

हप्त्यांचं तू ओझरतं लिहिलंस, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणजे एखादी फायनान्स कंपनी तुझ्या नावावर कर्ज काढते आणि पैसे एकरकमी प्रोग्रामवाल्याला देते. तो उद्या गायब झाला तरी तुझा हप्ता थांबत नाही. चुकवलास तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा तुझा स्कोअर, खराब होतो, आणि पुढे वडिलांच्या औषधपाण्यासाठी कर्ज लागलं तर बँक तेच बघते.

शेअर बाजाराचे क्लासही तुझ्या मोबाइलवर येत असतील. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2024 मध्ये आपल्याच आकड्यांवरून सांगितलं, की तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या भावावरचे सौदे, करणाऱ्या शंभरातल्या 93 किरकोळ लोकांचा तोटा झाला. एवढं लक्षात ठेव आणि तो विषय सोड. आणि टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे दीडशे रुपये देऊन मग ‘टास्क’साठी पैसे भरायला सांगणारे तर सरळ चोर. कुणी त्यात अडकला असेल तर लगेच 1930ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला सांग. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात निघून जातात.

पैसे भरून शिकूच नये, असं मी म्हणत नाही. मी स्वतः टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर पैसे भरूनच शिकले आणि त्यावर घर उभं केलं. पण त्या क्लासच्या सरांनी कमाईचा आकडा कधी तोंडातून काढला नाही. एंट्री चुकली की वही परत द्यायचे, बस. क्लास निवडताना जुन्या विद्यार्थ्याने आजवर कुणासाठी काम केलं ते विचार, आणि शक्य असेल तर त्या गिऱ्हाइकालाच फोन कर. तुला जाहिरातींचं काम खरंच शिकायचं असेल, तर गूगलच्या स्किलशॉपवर ते आणि त्याचं सर्टिफिकेटही फुकट आहे. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे कोर्सही फुकट शिकता येतात, पैसे फक्त परीक्षेचे. अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅफिलिएट प्रोग्राममध्ये शिरायलाही एक रुपया लागत नाही. मग दुसऱ्याचा माल विकून देण्यासाठी तूच का पैसे भरायचे?

तुझी ओढाताण मला कळते. नव्या पेठेत कॉट बेसिसवर तिसरं वर्ष, मेसचे पैसे, अभ्यासिकेची फी, आणि दर रविवारी वडिलांचा फोन. त्यांना ‘आता पैसे पाठवू नका’ म्हणायची तुला घाई झाली आहे, आणि ही घाई चांगल्या मुलालाच होते. ऑफरवाले नेमकी तीच हेरतात, याचा मला फार राग येतो.

रविवार पेठेतल्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याला त्याच्या मालाचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगवर चढवायला माणूस हवा आहे. दुपारचे दोन तास, महिन्याला चार हजार. रक्कम मोठी नाही, पण तो पहिल्या आठवड्यापासून पैसे देईल आणि काम आवडलं तर समोरच्या दुकानालाही सांगेल. तुझा सकाळचा अभ्यास बुडणार नाही. शनिवारी चारला ऑफिसला ये, मी त्याच्याशी बोलून ठेवते. मोबाइलचा चार्जर बरोबर आण, पितळी भांड्यांचे फोटो काढायला वेळ लागतो. उजेड चमकतो त्यांच्यावर.

तुझी,
ताई